विश्वेश्वरय्या, पाटाचं पाणी आणि चाकणचा चौक

१५ सप्टेंबरला आपल्या कॉलेजात काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. सेमिनार हॉलमध्ये पगडी घातलेल्या एका वृद्ध गृहस्थांचा फोटो टेबलावर येतो, त्याला हार पडतो, सर दोन शब्द बोलतात (ते दोनशेच्या खाली कधीच नसतात), मग एखादा बकरा पकडून त्याच्याकडून अभियंता दिनाचं भाषण करवून घेतात आणि शेवटी समोसा-वेफर्स. २०२५ साली तो बकरा मी होतो. थर्ड इयर सिव्हिल, मराठी मीडियम, शाळेत वक्तृत्वात दुसरा नंबर आला होता असं मीच कधीतरी मेसमध्ये बोलून गेलो होतो, त्याची ही शिक्षा!

त्या वर्षी १५ सप्टेंबर सोमवारी आला. शनिवार-रविवार मी घरी, राजगुरुनगरला होतो. भाषण अकरा वाजता, म्हणून सकाळी सातलाच स्टँडवरून गाडी पकडली. अंतर म्हणाल तर पस्तीस-चाळीस किलोमीटर. चाकणच्या अलीकडे गाडी थांबली ती थांबलीच. पुढे कंटेनर, मागे कंपनीच्या बस, डावीकडे टमटम, उजवीकडे आणखी एक कंटेनर, आणि मधल्या फटींत टू-व्हीलर, पोत्यात धान्य भरावं तशा. तळेगाव चौक ओलांडून पुढे मोशी, भोसरी करत कॉलेजात पोहोचलो तेव्हा बारा वाजत आले होते. फोटोला हार पडून गेला होता, समोसे संपले होते. माझ्या जागी इलेक्ट्रिकलच्या एका मुलीने आयत्या वेळी भाषण करून टाळ्या घेतल्या होत्या. खोटं कशाला बोलू, मला हायसंच वाटलं.

पण त्या अडकलेल्या गाडीत एक गोष्ट घडली. भाषणासाठी लायब्ररीतून विश्वेश्वरय्यांचं आत्मकथन घेतलं होतं, मेमॉयर्स ऑफ माय वर्किंग लाईफ. १९५१ साली छापलेलं, साध्या इंग्रजीतलं पुस्तक. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं म्हणून वाचत सुटलो. आणि चाकणच्या चौकात कंटेनरच्या धुरात बसून वाचताना मला असं वाटायला लागलं की हा माणूस धरण-कालव्यांबद्दल जे सांगतोय ते आपल्या समोरच्या रस्त्याला लागू आहे. ते भाषण राहिलं, म्हणून हा लेख.

रेल्वेची साखळी ओढल्याची गोष्ट आणि दोन मेणबत्त्यांची गोष्ट तुम्हाला पाठ आहे, त्यामुळे त्या इथे नाहीत.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्म म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळीचा, १५ सप्टेंबर १८६१. घर विद्वानांचं पण पैशाने यथातथाच. शाळकरी वयातच वडील गेले. बंगळूरला मामांच्या आधाराने आणि शिकवण्या घेऊन त्यांनी सेंट्रल कॉलेजातून १८८१ मध्ये बी.ए. केलं. पुढे इंजिनिअरिंगसाठी म्हैसूर सरकारची स्कॉलरशिप मिळाली आणि ते आले कुठे, तर पुण्याला, कॉलेज ऑफ सायन्समध्ये. म्हणजे आजच्या सीओईपीत. १८८३ च्या परीक्षेत मुंबई इलाख्यात पहिले आले. १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून लागले, पहिली नेमणूक नाशिक. खान्देशात धुळ्याकडे असताना दातर्तीजवळ पांझरा नदीखालून पाण्याचा सायफन टाकायचं काम ऐन पावसाळ्यात पुरं केलं. सिंधमध्ये सक्करला गाळण टाक्यांना पैसा नव्हता, तर नदीच्या पात्रातच विहीर घेऊन वाळूने गाळलेलं पाणी शहराला दिलं. ज्यांना सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला थिओडोलाइट उचलून न्यायचा कंटाळा येतो त्यांनी (मीही त्यातलाच) ही नेमणुकांची यादी एकदा नकाशावर पाहावी.

मला ज्यात रस आहे ते पुण्यात घडलं, १८९९ च्या पुढे. ते तेव्हा पुण्याला एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर होते आणि मुठा कालव्यांचं पाणी त्यांच्या ताब्यात होतं. खडकवासल्याचं धरण, तेव्हाचं नाव लेक फाईफ, शहराला आणि कॅन्टोन्मेंटला पाणी पुरवायचं आणि शेतीलाही. पाणी पुरत नव्हतं. पावसाळ्यात मात्र सांडव्यावरून वाहून जायचं. धरणाची भिंत उंच करायची तर खर्च मोठा आणि जुन्या बांधकामावर ताण. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर सुमारे आठ फूट उंचीचे लोखंडी दरवाजे बसवले. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की तरंगते भार आणि प्रतिभार यांच्या जोरावर दरवाजे आपोआप उघडायचे, पूर ओसरला की आपोआप बंद व्हायचे. धरण तेच, जागा तीच, साठा मात्र सुमारे पाव पट वाढला. या दरवाजांचं पेटंट त्यांच्या नावावर होतं, पण सरकारी नोकरीत असताना काढलेली युक्ती म्हणून त्यांनी रॉयल्टी घेतली नाही. पुढे ग्वाल्हेरच्या तिगरा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावरही तसे दरवाजे बसले.

आपल्या वायव्हात विचारतात ते इथपर्यंतच. पुढची गोष्ट कमी माहितीची आहे.

दख्खनच्या कालव्यांवर तेव्हा एक विचित्र परिस्थिती होती. पाणी होतं, पण ते वरच्या अंगाच्या, कालव्याच्या तोंडाशी असलेल्या जमिनींत मुरायचं. तिथे बारमाही ऊस. उसाला पाणी किती लागतं ते आपल्याकडच्या कोणालाही सांगायला नको. वरच्यांनी पाटात पाणी आलं की पाजायचं, पुन्हा पाजायचं, जमिनी पाणथळ होईपर्यंत पाजायचं, आणि शेपटाकडच्या गावांनी कोरड्या चारीकडे बघत बसायचं. पाणी वाढवलं तर? वरचा ऊस वाढायचा. शेपूट कोरडंच.

विश्वेश्वरय्यांनी काढलेला उपाय म्हणजे ब्लॉक पद्धत. कालव्याखालच्या चांगल्या, निचऱ्याच्या जमिनीचे ठरावीक गट पाडायचे. गटातल्या साधारण एक तृतीयांश भागातच एका वेळी ऊस, बाकीच्यात कमी पाण्याची पिकं, आणि तीन वर्षांत पिकं फिरती ठेवायची. हे गट थोड्याच गावांत न एकवटता कालव्याच्या लांबीभर अनेक गावांत वाटायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्याला ब्लॉक मंजूर झाला त्याला काही वर्षांसाठी ठरलेल्या पाण्याची लेखी हमी द्यायची. म्हणजे माणसाला एका हाताने मर्यादा घातली आणि दुसऱ्या हाताने खात्री दिली.

ज्यांना आधी मनमुराद पाणी मिळत होतं ते अर्थातच चिडले. सरकारी साहेब शेतकऱ्यांच्या पोटावर उठले असा सूर निघाला. विश्वेश्वरय्यांनी बागायतदारांशी चर्चा केल्या, हिशेब मांडले, वरिष्ठांना पटवलं. १९०१ साली सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रिफ यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या सिंचन आयोगापुढेही हा विचार त्यांनी मांडला. नीरा कालव्यावर ही पद्धत रुजली.

आता मध्येच घरची गोष्ट सांगतो, कारण तिच्याशिवाय हा लेख मी लिहिला नसता.

माझे आबा, म्हणजे वडिलांचे वडील, पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. सुरुवातीची नोकरी नीरा डाव्या कालव्यावर, शेवटची वर्षं आमच्या चासकमानवर. भीमेवरचं चासकमान धरण राजगुरुनगरपासून जवळच, त्याचा डावा कालवा खेड आणि शिरूर तालुक्यांत जातो. आबांच्या तोंडी आजही तीच भाषा. सात नंबरचा अर्ज, आवर्तन, शेजपाळी. शेजपाळी म्हणजे पाण्याची पाळीपाळीची यादी, कोणाच्या शेताला कोणत्या दिवशी, किती तास. लहानपणी मी त्यांच्या सायकलच्या दांडीवर बसून चारीच्या कडेने फिरलोय. रात्री कोणी पाट फोडला, कोणी पाइप टाकून पाणी ओढलं, हे त्यांना चिखल बघून कळायचं. ज्याची पाळी आहे त्याच्या शेतात पाणी पोहोचेपर्यंत ते जेवायला बसायचे नाहीत. गावातल्या वजनदार माणसाशीही त्यांची त्यावरून भांडणं झालेली आहेत, आणि ती सगळी त्यांनी जिंकली असं मी म्हणणार नाही.

२०२५ च्याच मे महिन्यात एका सकाळी आबांचा उजवा हात गळून पडला, तोंड वाकडं झालं. गावात तपासून लगेच पिंपरीला हलवायला सांगितलं. अॅम्ब्युलन्स मिळाली. ऑक्सिजन होता, ड्रायव्हर चांगला होता, सायरन चालू होता. चाकणला आलो आणि पन्नास मिनिटं जागचे हललो नाही. पप्पा खाली उतरून पुढे पळत गेले, एकेका गाडीच्या काचेवर थाप मारत. कोणी वाईट वागलं नाही हो. प्रत्येकाला वाट द्यायची होती. कंटेनरवाला हात जोडून दाखवत होता की बाबा, सरकू कुठे? द्यायला जागाच नव्हती कोणाकडे. आबा वाचले. पण असे तास मेंदूला महाग पडतात हे नंतर डॉक्टरांनी समजावून सांगितलं. त्यांचा उजवा हात अजून नीट चालत नाही. शेजपाळीच्या वह्या त्यांनी ज्या हाताने भरल्या तो.

तर चौकात बसून मी ब्लॉक पद्धतीचं प्रकरण वाचत होतो आणि डोक्यात हे सगळं एकत्र येत होतं. त्या शनिवारी घरी गेल्यावर आबांना विचारलं, ब्लॉक म्हणजे तुमच्याकडचाच ना? आबांनी आयुष्यभर ब्लॉक हा शब्द वापरला होता, मंजूर ब्लॉक, उसाचा ब्लॉक, पण त्यामागे अभियंता दिनाच्या फोटोतले गृहस्थ आहेत हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते बराच वेळ फोटोकडे बघत राहिले.

चाकणच्या रस्त्यावरही आपण आत्तापर्यंत एकाच प्रकारचा विचार करत आलोय, भिंत उंच करण्याचा. गर्दी झाली, रस्ता रुंद करा. पुन्हा झाली, पूल बांधा. पुणे-नाशिक महामार्गासाठी २ ऑगस्ट २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने नाशिक फाटा ते खेड असा ३० किलोमीटरचा आठपदरी उन्नत मार्ग मंजूर केला, खर्च ७,८२७ कोटी रुपये. खेड म्हणजे आमचं राजगुरुनगरच. हुतात्मा राजगुरूंच्या नावावरून गावाचं नाव बदललं तरी तालुका आणि सरकारी कागद खेडच म्हणतात. मी सिव्हिलचा विद्यार्थी आहे, एवढा मोठा पूल आपल्या दारात होणार म्हटल्यावर मला आनंद होतो, उगाच नाक मुरडणार नाही. नाशिककडे जाणाऱ्या थेट गाड्या वरून गेल्या तर खाली दिलासा मिळेलच. पण नुसता पाट रुंद केला की वरचा ऊस वाढतो, हे नीरेवर सव्वाशे वर्षांपूर्वी दिसलं होतं. रस्त्याचंही तसंच आहे. अमेरिकेत ह्यूस्टनचा केटी फ्रीवे २००८ पर्यंत रुंद करून काही ठिकाणी सव्वीस लेनपर्यंत नेला, आणि थोड्याच वर्षांत गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबला. एवढं लांब कशाला जायचं? पुण्यात विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पाडले, नव्या मेट्रो-पुलाच्या आड येत होते म्हणून. ते पूल साधारण माझ्याच वयाचे असतील. मी अजून इंजिनिअरही झालो नाही आणि ते पूल आयुष्य संपवून मोकळे झाले.

म्हणून मला वाटतं, सरकारने आधी पाटकऱ्यासारखा विचार करावा. पहिला प्रश्न, पाणी मोजतो कोण आणि कशाने? आपण रस्त्यावर वाहनं मोजतो. माणसं मोजली पाहिजेत. आपल्या ट्रान्सपोर्टेशनच्या पुस्तकात एका बसला ढोबळमानाने तीन कारइतकी जागा धरतात, पीसीयू म्हणतात त्याला, परीक्षेला हमखास येतं. तीन कारमध्ये किती माणसं असतात ते चौकात उभं राहून बघा. बहुतेक कारमध्ये एक, क्वचित दोन. त्याच जागेत बसमध्ये पन्नास. म्हणजे एकटा कारमध्ये बसलेला माणूस हा वरच्या अंगाचा ऊस आहे, आणि बसमध्ये उभा असलेला माणूस शेपटाकडचं गाव. दोघंही सरकारी पाटावरच आहेत. (कार असणाऱ्या सरांनी रागावू नये, आम्हालाही प्लेसमेंट झाल्यावर कारच घ्यायची आहे.)

मग बसला तिची पाळी द्यायची, म्हणजे रस्त्याचा एक पदर तिच्यासाठी राखायचा. हा प्रयोग पुण्याने देशात सगळ्यात आधी केला, डिसेंबर २००६ मध्ये, कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी. पण राखीव मार्गात टू-व्हीलर घुसल्या, रिक्षा घुसल्या, कार घुसल्या. रात्री पाट फोडणाऱ्यांत आणि त्यांच्यात मला काही फरक दिसत नाही. फरक एवढाच की पाटावर निदान एक पाटकरी सायकलवरून फिरायचा. पिंपरी-चिंचवडने २०१५ पासून बीआरटी चालवली तिथे बस बऱ्यापैकी मोकळ्या धावताना मी पाहिल्या आहेत. पीएमपीची बस भोसरीहून राजगुरुनगरपर्यंत येते, पण मोशीच्या पुढे ती आमच्या एसटीसारखीच कंटेनरच्या मागे उभी. राखीव मार्ग ज्या हद्दीत संपतो तिथूनच खरी गर्दी सुरू होते, हे कोणाच्या लक्षात येत नाही की काय?

दुसरं, आवर्तन. सगळ्या शेतांना एकाच दिवशी पाणी सोडत नाहीत. चाकणच्या कारखान्यांच्या शिफ्ट मात्र बऱ्याचशा एकाच सुमाराला सुटतात आणि भरतात, त्याच वेळी शाळेच्या व्हॅन आणि त्याच वेळी माल घेऊन आलेले कंटेनर. शिफ्टच्या वेळा अर्ध्या-अर्ध्या तासाने पुढेमागे करणं, जड वाहनांना गर्दीच्या तासांत चौकाबाहेर थांबवायला तळ देणं, यात एक पोतं सिमेंटही लागत नाही. लागतं ते म्हणजे सगळ्यांना एका टेबलाशी बसवणारं कोणीतरी. महामार्ग एकाचा, तळेगाव-शिक्रापूर रस्ता दुसऱ्याचा, एमआयडीसीतला रस्ता तिसऱ्याचा, चौकातलं अतिक्रमण नगरपरिषदेचं, शिट्टी पोलिसांची, बस पीएमपीची. विश्वेश्वरय्यांच्या हातात धरणाचा दरवाजा आणि शेवटची चारी दोन्ही होत्या. तसा एक जबाबदार माणूस या चौकाला नेमला तर निदान कोणाकडे जाऊन भांडायचं ते तरी कळेल.

हैदराबादची गोष्ट इथे आठवते. १९०८ मध्ये विश्वेश्वरय्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडली. त्याच वर्षी सप्टेंबरात मुसी नदीच्या पुराने हैदराबाद शहर वाहून नेलं आणि निजाम सरकारने त्यांना बोलावलं. त्यांनी शहरातल्या नदीचे काठ आणि गटारं यांची आखणी केलीच, पण मुख्य उपाय शहराच्या वर सुचवला. पूर शहरात शिरायच्या आधीच अडवायला दोन जलाशय. पुढे तिथेच उस्मानसागर १९२० मध्ये आणि हिमायतसागर १९२७ मध्ये पुरे झाले. गर्दीचंही मूळ बघायला चौकाच्या बरंच वर जावं लागतं. कामगार राहतो कुठे, कामाला येतो कुठे, त्याला कारखान्याजवळ परवडणारी खोली आहे का? हे प्रश्न ट्रॅफिकच्या पुस्तकात नसतात.

तिसरा मुद्दा पैशाचा, आणि इथे हॉस्टेलवर आमची रात्री दोनपर्यंत भांडणं झाली आहेत. सिंगापूरने १९७५ मध्ये गर्दीच्या वेळी शहराच्या मध्यभागी शिरणाऱ्या कारला परवाना शुल्क लावलं. लंडनने १७ फेब्रुवारी २००३ ला लावलं, न्यूयॉर्कने जानेवारी २०२५ मध्ये. माझा रूम पार्टनर म्हणतो, इथेही लावा. मी म्हणतो, लगेच नको. लंडनने शुल्क लावलं तेव्हाच जादा बस रस्त्यावर आणल्या होत्या. विश्वेश्वरय्यांनी नुसती मर्यादा घातली असती तर शेतकऱ्यांनी त्यांना उभं केलं नसतं. मर्यादेबरोबर त्यांनी खात्री दिली, म्हणून गाडं पुढे सरकलं. सेकंड शिफ्ट सुटल्यावर रात्री घरी न्यायला बस नक्की येईल, ही खात्री असल्याशिवाय कुठलाही कामगार मोटारसायकल सोडणार नाही, आणि का सोडावी त्याने? आधी बस, मग शिफ्टच्या वेळा आणि कंटेनरचा तळ, मग रस्त्यावर फुकट उभ्या राहणाऱ्या गाड्यांना भाडं, आणि सगळ्यात शेवटी हे शुल्क. हा क्रम चुकला तर गरिबाच्या खिशाला कात्री आणि चौक जिथल्या तिथे.

विश्वेश्वरय्यांचं पुढचं आयुष्य थोडक्यात. १९०९ मध्ये म्हैसूरचे चीफ इंजिनिअर, १९११ मध्ये कृष्णराजसागराचं काम सुरू, १९१२ ते १९१८ दिवाण. म्हैसूर बँक, म्हैसूर विद्यापीठ, बंगळूरचं इंजिनिअरिंग कॉलेज, भद्रावतीचा लोखंड कारखाना, या सगळ्यांत त्यांचा हात. एका माणसाने सहा वर्षांत एवढं करावं, आणि आपलं एक सबमिशन वेळेवर होत नाही!

पण एक गोष्ट मला लिहिलीच पाहिजे, कारण अभियंता दिनाच्या भाषणात ती कोणी सांगत नाही. १९१८ मध्ये म्हैसूरच्या महाराजांनी मागासवर्गीयांना सरकारी नोकऱ्यांत जागा मिळाव्यात म्हणून मिलर समिती नेमली. विश्वेश्वरय्यांना ते पटलं नाही. नेमणुका गुणवत्तेवरच व्हाव्यात असं त्यांचं म्हणणं होतं, आणि या मतभेदातून त्यांनी दिवाणपद सोडलं. मी राखीव जागेवरून या कॉलेजात आलो आहे. ज्या माणसाने शेपटाकडच्या गावाला पाणी मिळावं म्हणून वरच्यांचा रोष घेतला, त्याला शाळा-कचेऱ्यांचा पाटही वरच्या अंगालाच मुरतोय हे दिसलं नाही, याचं मला वाईट वाटलं. हार घालताना हेही माहीत असावं एवढंच. त्यांचा कालव्याचा हिशेब त्यामुळे चुकीचा ठरत नाही.

आणि आता या गोष्टीतला सगळ्यात गमतीदार भाग. सत्तरी ओलांडल्यावर हे गृहस्थ मोटारींच्या मागे लागले! १९३० च्या दशकात युरोप-अमेरिकेतले मोटार कारखाने पाहून आले आणि मुंबईत भारतीयांचा मोटार कारखाना काढायची योजना त्यांनी तयार केली. मोटार इथे बनली तर तिच्याबरोबर शेकडो सुटे भाग बनवणारे छोटे कारखाने उभे राहतील, असा त्यांचा हिशेब होता. वालचंद हिराचंद यांनी ती कल्पना उचलली. ब्रिटिश सरकारने हवी तशी मदत केली नाही, तरी १९४४ मध्ये वालचंदांची प्रीमियर ऑटोमोबाईल्स उभी राहिली. आज चाकणला जाऊन बघा. बजाज, महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज, आणि त्यांच्या भोवती सुटे भाग बनवणारे वर्कशॉप, गल्ली-गल्लीत. म्हाताऱ्याचा हिशेब अक्षरशः खरा ठरला. आमच्या गावातली निम्मी घरं त्यावर चालतात, माझे पप्पाही तिथेच एका वर्कशॉपमध्ये सीएनसी मशीनवर आहेत. त्यामुळे कारखाने हलवा, गाड्या बंद करा असलं मी बोलणारच नाही. पण चाकणमध्ये बनलेली नवीकोरी गाडी ट्रेलरवर चढून चाकणच्याच चौकात तासभर उभी असते, तेव्हा हसू येतं खरं.

१९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि त्या लोंढ्याने खडकवासल्याचं धरणही फोडलं. ज्या धरणावर त्यांनी ऐन उमेदीत आपले दरवाजे बसवले, ते गेल्याची बातमी आली तेव्हा ते शंभरीला टेकलेले, बंगळूरला होते. एप्रिल १९६२ मध्ये ते गेले.

दिवाळीच्या सुट्टीत आबांना मी हा लेख अर्धवट वाचून दाखवला. उन्नत मार्गाचं ऐकून त्यांनी एकच गोष्ट विचारली, वरून जाणारी गाडी खाली उतरणार कुठे? मी म्हणालो, खेडला. म्हणजे शेपटालाच, असं म्हणून ते डाव्या हाताने चहाची बशी सावरत बसले.

असो. आमच्या चौघांच्या ग्रुपने फायनल इयर प्रोजेक्टसाठी हाच विषय घेतला आहे, तळेगाव चौकात वाहनं नव्हे, माणसं मोजायची. गाईड सरांनी होकार दिलाय. सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी चार ते आठ, तीन कामाचे दिवस. चौघांना चारी रस्ते झेपणारे नाहीत. मोशी, चाकण, राजगुरुनगर, मंचर बाजूच्या ज्या मुलामुलींना यायचं असेल त्यांनी मेसच्या बोर्डावर नाव लिहावं. मास्क स्वतःचा आणावा, चहा-वडापाव आमच्याकडून. निघायचं मात्र पहाटे साडेचारला, नाहीतर मोजायला जाणारेच जॅममध्ये मोजले जातील.